जॉइंट ढिला झाला, म्हणून काय झालं?

रात्री शेल्फवर एका पायावर उभा केलेला स्पायडरमॅन सकाळी बघावं तर आडवा. परत उभा करा, दुपारी परत आडवा. बरं, पडताना एकटा पडत नाही, शेजारच्या तिघांना घेऊन पडतो! अ‍ॅक्शन फिगर्स जमवणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. मांडीचा नाहीतर घोट्याचा जॉइंट ढिला झालाय, एवढंच त्याचं कारण. गंमत आहे ती त्यानंतर आपण काय करतो यात. काही जण त्याला मागच्या रांगेत भिंतीला टेकवून ठेवतात. काही जण स्टँड मागवतात. काही जण ‘आता याची व्हॅल्यू गेली’ म्हणत मिळेल त्या किमतीला विकून टाकतात आणि तीच फिगर परत नवी घेतात. थोडा वेळ काढून तो जॉइंट घट्ट करणारे मात्र अगदी मोजके. बाकीच्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘हात लावला आणि बिघडली तर?’

मला या ‘बिघडली तर’शी भांडायचंय. ढिला जॉइंट दुरुस्त करणं हा फिगर्स जमवण्याच्या छंदाचाच भाग आहे, आणि ज्याला ते करता येत नाही त्याचा छंद अर्धाच राहतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुळात ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द आला कुठून ते बघा. १९६४ मध्ये अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा साधारण फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला. बार्बी येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मुलगे ‘डॉल’ विकत घेणार नाहीत अशी कंपनीला धास्ती होती. म्हणून ‘डॉल’ हा शब्दच टाळला आणि ‘अ‍ॅक्शन फिगर’ असं नवं नाव दिलं. नुसतं नावच नव्हतं हं. या सैनिकाचे कोपर, गुडघे, मनगटं वाकत होती आणि त्याचे २१ हलणारे भाग हीच त्याची जाहिरात होती. म्हणजे हात-पाय हलले पाहिजेत आणि जिथे हलवले तिथे थांबले पाहिजेत, या दोन गोष्टींसाठी आपण पैसे मोजतो. यातली दुसरी गोष्ट गेली की हातात उरतो तो पुतळा, आणि तोही धड उभा न राहणारा. पुतळाच हवा असता तर आपण पुतळाच घेतला असता ना?

ढिलेपणा येतो कुठून?

जॉइंट म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमधलं घर्षण. बॉल जॉइंट असेल तर एक गोळा आणि त्याला घट्ट पकडणारी वाटी. मनगट, मानेसारख्या ठिकाणी एक खुंटी आणि तिच्यासाठी भोक. कोपर-गुडघ्याला दाराच्या बिजागरीसारखी आरपार गेलेली पिन. तुम्ही पोझ बदलत राहता तसं प्लॅस्टिक घासत जातं आणि पकड कमी होते, हे तर सरळच आहे. पण डब्यातून कधीच बाहेर न काढलेली फिगरही ढिली निघते, ते कसं काय? वाटीने गोळ्याला सतत दाबून धरलेलं असतं. वर्षानुवर्षं अशा ताणाखाली राहिलेलं प्लॅस्टिक हळूहळू त्या ताणाला सरावतं आणि सैल पडतं. उष्णतेत हे आणखी लवकर होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात खिडकीलगतच्या शेल्फवर, एका पायावर सगळा भार टाकून उभी केलेली फिगर सहा महिन्यांत वाकायला लागली, तर दोष तुमच्या खेळण्याचा कमी आणि जागेचा जास्त.

जुन्या फिगर्सची गोष्ट वेगळी. १९८२ मध्ये जी. आय. जो पावणेचार इंचांचा होऊन परत आला, तेव्हा त्याच्या पोटात एक छोटी काळी रबरी ओ-रिंग होती. छाती, कंबर आणि पाय या सगळ्यांना ती एकच रिंग धरून ठेवायची. त्याच वर्षी आलेल्या ही-मॅनचे पायही आतून रबरानेच ओढून धरलेले होते. रबर म्हटलं की ते कधीतरी सुकणार, कडक होणार आणि एक दिवस तुटणार. हे इथे मुद्दाम सांगतोय, कारण हा जी. आय. जो आपल्याकडेही बनायचा. एमआरएफ समूहातल्या फनस्कूलने तो भारतात तयार करून विकला आणि नव्वदच्या दशकात वाढलेल्या कित्येक घरांत तो पोहोचला. फनस्कूलच्या काही फिगर्सचे रंग अमेरिकन मालापेक्षा वेगळेच होते, त्यामुळे परदेशातले संग्राहक आज त्या शोधत असतात. आणि आपल्याकडे? दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा खोका उघडतो, आत कंबरेपासून दोन तुकडे झालेला सैनिक दिसतो, ‘तुटलाय’ म्हणून तो भंगारात जातो. अरे, तो तुटलेला नाहीये! त्याची फक्त रिंग गेलीये. पाठीवरचा एक स्क्रू उघडायचा, नवी रिंग घालायची, स्क्रू बसवायचा. काका, मामा किंवा मोठ्या दादाचे असे सैनिक घरात असतील तर यंदा खोका फेकण्याआधी एकदा उघडून बघा.

‘हात लावू नकोस’वाले

फिगर दुरुस्त करू नये असं म्हणणारे साधारण दोन प्रकारचे भेटतात. पहिले ‘व्हॅल्यू’वाले. त्यांच्या मते वस्तू जशी आली तशीच राहिली पाहिजे, हात लावला की किंमत पडली. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सीलबंद फिगर्सची ग्रेडिंग करणाऱ्या संस्था आहेत आणि डब्याच्या कोपऱ्यावरच्या चुरगळ्याचेही गुण कापले जातात. २०२४ मध्ये स्टार वॉर्समधल्या बोबा फेटची एक फिगर अमेरिकेतल्या लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेली, हेही खरं. पण ती फिगर कुठली होती? पाठीवरून रॉकेट सोडणारा तो नमुना मुलांच्या सुरक्षिततेच्या भीतीमुळे दुकानात कधी आलाच नव्हता. मोजकेच नमुने शिल्लक, म्हणून ती किंमत. तुमच्या-माझ्या शेल्फवर उभे असतात ते कारखान्यातून ढिगाने निघालेले आयर्न मॅन आणि नारुतो. डबा तर आपण पहिल्याच दिवशी फाडलेला असतो. ज्या ‘मिंट कंडिशन’ची काळजी आपण करतोय, ती तेव्हाच संपली. मग उरलेली वीस वर्षं ती फिगर वाकडी ठेवून कुठली किंमत वाचणार आहे?

दुसरे ‘नवीन घे ना’वाले. यांच्याकडे बहुधा पैसा असतो किंवा पैसे देणारे आईबाबा असतात. पण आकडे बघा. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेलं. देशात खेळणी बनावीत हा त्यामागचा हेतू, त्याबद्दल तक्रार नाही. पण चांगली आयात फिगर कॉलेजच्या पोराच्या पॉकेटमनीला आधीच जड जात होती, ती आणखी जड झाली हे तर दिसतंच. एका घोट्यासाठी अख्खी फिगर परत घेणं याला मी तरी छंद म्हणणार नाही. शिवाय नवी फिगर ढिली निघणार नाही याची हमी कोण देतं?

आता शेजारच्याच एका छंदाकडे बघा. बॉल-जॉइंटेड डॉल्स जमवणाऱ्यांची जगभर मोठी मंडळी आहेत. जपानच्या फोल्क्स कंपनीने १९९९ मध्ये सुपर डॉल्फी आणली तेव्हापासून हा छंद पसरला. या बाहुल्यांचे सगळे अवयव आतून इलॅस्टिकच्या दोरीने ओवलेले असतात आणि ती दोरी सैल पडतेच. मग ती मंडळी काय करतात? बाहुली सोडवतात, नवी दोरी ओवतात, परत बांधतात. त्याला कुणी ‘बाहुली खराब केली’ म्हणत नाही. उलट ज्याला दोरी ओवता येते त्याला तिथे मान असतो. महागड्या बाहुल्यांच्या बाबतीत जे काळजी घेणं ठरतं, ते दोन-चार हजारांच्या फिगरच्या बाबतीत ‘छेडछाड’ कसं काय ठरतं?

आधी ओळखा, मग सोप्यापासून सुरू करा

दुरुस्तीच्या नावाखाली काहीही करा, असं मात्र मी म्हणत नाहीये. खरं तर ‘फेव्हिक्विकचा एक थेंब टाक, झालं काम’ असं बिनधास्त सांगणाऱ्यांनीच या कामाचं नाव खराब केलंय. माझा नियम साधा आहे. जे परत काढता येतं ते आधी, जे कायमचं आहे ते सगळ्यात शेवटी.

आधी फिगर हातात घेऊन नक्की कुठे ढिली आहे ते शोधा. पाय सैल वाटतो तेव्हा कधी घोटा ढिला असतो, कधी मांडी. स्क्रू असेल तर आधी तो तपासा. कित्येकदा अर्ध्या फेऱ्यात काम होतं. पण आवळताना थांबायचं कळलं पाहिजे, जास्त आवळलं की प्लॅस्टिकला तडा जातो. धूळ आणि तेलकटपणा असेल तर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या. आत दिवे, बॅटरी किंवा अंगावर कापडी कपडे असतील तर पाण्यापासून लांबच.

जॉइंट उघडावा लागणार असेल तर जोर लावू नका. हेअर ड्रायरची गरम हवा किंवा गरम पाणी (उकळतं नाही!) थोडा वेळ दिलं की प्लॅस्टिक मऊ पडतं आणि गोळा वाटीतून सरळ ओढल्यावर निघतो. नाही निघाला तर परत गरम करा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या भागांना जास्तच जपा, ते वाकण्याऐवजी तुटतात.

आता इलाज. मनगट, मान, हेल्मेट अशा खुंटीच्या जॉइंटला सगळ्यात चांगली ती प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप. हार्डवेअरच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते. खुंटीला एक-दीड वेढा द्या, आत बसवा, बाहेर आलेली टेप कापून टाका. आवडलं नाही तर सोडवून फेका, फिगर होती तशीच.

बॉल जॉइंटसाठी गोळ्याची जाडी किंचित वाढवायची असते. पाण्यात विरघळणारं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक व्हार्निश चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतं. गोळ्यावर त्याचा पातळ थर द्या, रात्रभर वाळू द्या, मग बसवून बघा. कमी पडलं तर आणखी एक थर. इथे घाई केली की काम बिघडतं. ओला गोळा वाटीत घातलात की तो तिथेच चिकटला म्हणून समजा. पिनवाला गुडघा उघडता येत नाही. तिथे बारीक ब्रशने फटीत अगदी थोडं व्हार्निश सोडा आणि वाळेपर्यंत गुडघा अधूनमधून हलवत राहा.

ताईचं पारदर्शक नेलपॉलिशही चालतं, जगभर वापरलं जातं. पण त्यातलं पातळ करणारं द्रावण काही प्लॅस्टिकवर आणि रंगावर चढतं. म्हणून आधी न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून बघा. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र फिगरच्या आसपासही नको. त्यात अ‍ॅसिटोन असेल तर एबीएस प्लॅस्टिक सरळ विरघळतं.

राहिलं फेव्हिक्विकसारखं सुपरग्लू. त्यानेही गोळ्यावर कडक थर बसतो, अनुभवी लोक तो वापरतात. पण जॉइंट उघडून, थर बाहेरच पूर्ण वाळवून, खिडकी उघडी ठेवून. जोडलेल्या जॉइंटमध्ये थेंब सोडलात तर तुमची अ‍ॅक्शन फिगर एका क्षणात पुतळा झालीच. शिवाय या गोंदाची वाफ आजूबाजूच्या रंगावर पांढरी धुरकट झाक सोडते. म्हणून नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि काही जॉइंट सोडून द्यायलाही शिका. जड फिगर्समध्ये ‘टिक-टिक’ आवाज करत फिरणारा दातेरी जॉइंट असतो. त्याचे दाते झिजले की वरून थर देऊन काही होत नाही. वाटीला तडा गेला असेल तर गोळा जाड केल्याने तो तडा वाढणारच. अशा वेळी मुकाट्याने स्टँड घ्या.

कंपन्यांनाही विचारा

हे सगळं आपणच का करायचं, हा प्रश्न रास्त आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. ग्राहकाला आपली वस्तू दुरुस्त करता यावी, त्यासाठीची माहिती आणि सुटे भाग मिळावेत, हा त्यामागचा विचार. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं आली. खेळणी नाहीत. ट्रॅक्टर आणि फोनपुढे स्पायडरमॅनच्या घोट्याची काय कथा, असं कुणी म्हणेल. पण तत्त्व तेच आहे. छाती स्क्रूने जोडलीये की गोंदाने कायमची चिकटवलीये, यावरून ती फिगर दहा वर्षं टिकणार की दोन, हे ठरतं. फिगरचा रिव्ह्यू करताना आपण रंगकाम, चेहरा, सोबतची हत्यारं सगळं बघतो. ‘ही उघडता येते का?’ हे कुणीच विचारत नाही. विचारायला लागूया. जपानी गनप्लासारखी मॉडेल्स आपण स्वतः जोडतो, त्यामुळे आत काय आहे हे जोडणाऱ्याला पाठ असतं आणि ढिलं पडलं तर कुठे हात घालायचा तेही. बाकीच्या फिगर्सच्या बाबतीत ती माहिती आपल्याला उघडून, बघून मिळवावी लागते.

विकताना खरं सांगा

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. आपल्या बोलीत ‘लूज’ फिगर म्हणजे डब्याशिवायची फिगर. याच शब्दामागे ढिले जॉइंटही सोयीस्करपणे लपतात. ‘लूज, गुड कंडिशन’ वाचून कुणीतरी साठवलेले पैसे पाठवतो आणि हातात येतो तो उभा न राहणारा बॅटमॅन. दुरुस्ती केली असेल तर तसं लिहा: ‘डावी मांडी ढिली होती, व्हार्निशचा थर दिलाय.’ अजून ढिली असेल तर तेही लिहा, हात सोडून काढलेला फोटो टाका. दुरुस्ती लपवायची गोष्ट आहे असं आपणच वागलो, तर ‘हात लावला की किंमत गेली’ म्हणणाऱ्यांचंच खरं ठरेल. आणि विकत घेणाऱ्यांनो, प्रामाणिकपणे सांगणाऱ्याशी त्याच वाक्यावरून घासाघीस करू नका. नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

‘घोडा झालास, अजून बाहुल्यांशी खेळतोस?’ हे वाक्य आपल्यातल्या प्रत्येकाने घरात ऐकलंय. त्यावर वाद घालू नका. त्यापेक्षा तेच आईबाबा मिक्सर बिघडला तर दुकानात नेतात, छत्रीची काडी बदलून आणतात, घड्याळाला नवा पट्टा लावतात, हे जरा आठवा. वस्तू बिघडली की आधी ती उघडून बघायची, ही सवय त्यांच्या पिढीला होती. आपल्याकडे ती येता येता राहिलीये, कारण आपल्या बहुतेक वस्तू उघडताच येत नाहीत. फोनची बॅटरी आपण बदलू शकत नाही, इअरबड्स तर बिघडले की कचऱ्यातच. फिगर ही त्या मानाने फार सरळ गोष्ट आहे. एक गोळा, एक वाटी, एक पिन. चुकलं तरी कुणाचं काही अडत नाही, शॉक बसत नाही, डेटा उडत नाही. हाताला सवय लावायला याहून बरी जागा कुठली?

तेव्हा येत्या रविवारी शेल्फवरची सगळ्यात स्वस्त, सगळ्यात ढिली फिगर निवडा. महागडी नको, लाडकी तर नकोच. सोबत टेफ्लॉन टेप, बारीक ब्रश आणि व्हार्निशची छोटी बाटली घेऊन बसा. मनगटापासून सुरुवात करा, तिथे बिघडण्यासारखं फार काही नसतं. जमलं की मान, मग घोटा, मग मांडी. आणि सगळं जमायला लागलं की मित्राची एखादी ढिली फिगर मागून आणा आणि त्याच्या समोर बसून दुरुस्त करा, म्हणजे त्यालाही येईल.